तिकिटांच्या बिजागऱ्या मिळतील

सलीमभाई, जिंकलात तुम्ही.

निकाल पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण शेवट आधी वाचायची खोड तुमचीच. बांधायला आलेल्या प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान तुम्ही आधी वाचायचात आणि ते पुस्तक बांधायच्या लायकीचं आहे की नाही, हे गिऱ्हाइकाने न विचारता सांगायचात. तर ऐका. तुमच्या बिजागऱ्या निघाल्या. पंचवीस वर्षांनी, अगदी अलगद, पोस्टाच्या तिकिटांना ओरखडासुद्धा न उमटता निघाल्या. चिमटा माझ्या हातात होता, तुमची लेक शबाना शेजारी उभी होती आणि दत्तोबा मिस्त्री साक्षीला होते.

तुम्ही मात्र पाच आठवडे आधीच निघून गेलात. वेळेच्या बाबतीत तुमची ख्याती अशी, की तुम्ही 'गुरुवारी या' म्हटलंत की आम्ही आपणहून शनिवारी यायचो. आयुष्यात एकदाच घाई केलीत आणि तीही नको तिथे. या गोष्टीचा मला अजून राग आहे, हे लिहून ठेवते.

आता माझ्याकडून एक वाक्य यायचं बाकी आहे. पैजेत ठरलेलं, दोनच शब्दांचं. 'माझं चुकलं.' हे मी दुकानात सगळ्यांसमोर म्हणायचं आणि तुम्ही स्टुलावर बसून, चहाचा घोट घेत ऐकायचं, असं ठरलं होतं. तुम्हाला माहीत होतं की याहून अवघड काही माझ्याकडून मागता येणार नाही. बत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. फळ्यावर समीकरण चुकलं तर 'बघू या कोणाच्या लक्षात येतं' असं म्हणून मी पुसून टाकायची. घरातही ते दोन शब्द माझ्या तोंडून कुणी ऐकलेले नाहीत. तेव्हा जरा वळसा घालून येते. तुम्हाला आता कुठे घाई आहे?

तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा आले ती दाते मोजायची पट्टी घ्यायला. तिकिटाच्या कडेला जे दाते असतात ते दोन सेंटिमीटरमध्ये किती बसतात, हे त्या पट्टीवर बघायचं. एका दात्याच्या फरकाने तिकीट साधं की दुर्मीळ ते ठरतं. रविवार पेठेत, कड्या-कोयंडे आणि खिळे-मोळे विकणाऱ्या दुकानांच्या रांगेत तुमचं ते सात फुटी दुकान. एका बाजूला तुमच्या वडिलांपासून चालत आलेलं पुस्तकबांधणीचं काम. दुसऱ्या बाजूला, काचेच्या कपाटात, आम्हा तिकीटवेड्यांचं सगळं जग. बोथट टोकांचे चिमटे, शिंगाच्या मुठीची भिंगं, बटर पेपरची चिमुकली पाकिटं, कागदातलं जलचिन्ह बघायची काळी थाळी, आणि नकाशावरून कधीच पुसल्या गेलेल्या देशांची नावं अजून छापलेले जाडजूड अल्बम. कपाट उघडलं की डिंकाचा आणि जुन्या पुठ्ठ्याचा वास यायचा. तो वास नाकात घेऊन मी स्वारगेटपर्यंत चालत जायची आणि धायरीच्या बसमध्ये बसूनही तो पुरायचा.

त्या दिवशी तुम्ही मला पट्टी दिलीत आणि विचारलंत, "तिकिटं कशानं चिकटवता, बाई?"

शबाना तेव्हा आमच्याच शाळेत होती, म्हणून मी तुमचीही बाईच झाले. पुढे शबाना शाळेतून गेली, कॉलेजातून गेली, नोकरीला लागली, पण मी तुमची बाई राहिले ती राहिलेच.

मी म्हटलं, "चिकटवत नाही. प्लास्टिकच्या कप्प्यात ठेवते. शास्त्रीय पद्धत आहे."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी नातवंडांना बरणीत घालून ठेवते म्हटलं होतं. मग खणातून एक पाकीट काढलंत. आत नखाएवढे पातळ, दुधी कागदाचे तुकडे, एका बाजूला डिंक लावलेले. तुम्ही स्वतः बनवलेल्या बिजागऱ्या. पूर्वी परदेशातून येणाऱ्या बिजागऱ्या यायच्या बंद झाल्या, तेव्हा तुम्ही बांधणीतलं सगळं ज्ञान पणाला लावून बाभळीचा डिंक भिजवलात, गाळलात, त्यात काय काय घातलंत ते कुणाला सांगितलं नाहीत, आणि दोरीवर कागद वाळत घातलेत. तुकडा दुमडायचा, आखूड बाजू तिकिटाच्या पाठीवर, लांब बाजू अल्बमच्या पानावर. झालं. तिकीट दारासारखं उघडतं, मिटतं. आणि जिभेचं फक्त टोक लावायचं. "चाटायचं नाही बाई, चव बघायची." हे वाक्य तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलंत, पाकिटाबरोबर फुकट.

मी म्हटलं, "शी! जीभ कसली लावता? स्पंज ठेवा." पोस्टाच्या खिडकीवर असतो तसला ओला स्पंज मी पुढल्या वेळी डबीत घालून घेऊन आले. तुम्ही तो बघितलात, डबीचं झाकण लावलंत आणि डबी परत माझ्या पिशवीत टाकलीत.

दुकानाच्या पाटीवरूनही आपलं लवकरच बिनसलं. तुम्ही रंगाऱ्याला सांगितलंत, 'तिकिटांच्या बिजागऱ्या मिळतील.' तो बिचारा जन्मभर त्या रांगेतल्या कड्याकुलपांच्या पाट्या रंगवत आलेला. त्याने सवयीने 'बिजागऱ्या' हा शब्द हातभर मोठा काढला. मग 'तिकिटांच्या' वर कोपऱ्यात मुंगीएवढं, आणि 'मिळतील' खाली कसंबसं. रस्त्यावरून वाचणाऱ्याला एकच शब्द दिसे.

"हिंज लिहा ना सरळ," मी म्हटलं. "सगळे हिंजच म्हणतात."

"बाई, तुम्ही मराठी शाळेत शिकवता ना? दाराला मराठी आणि तिकिटाला इंग्रजी, हा कुठला न्याय?"

"मी रसायनशास्त्र शिकवते. मराठी नाही."

"तरीच," तुम्ही म्हणालात.

पुढे शबाना आयटीत लागली आणि तिचं ऑफिस नेमकं हिंजवडीला निघालं, तेव्हा मी पेढे घेऊन आले ते तेवढं एक वाक्य बोलायलाच आले होते. "बाप म्हणतो बिजागरी आणि मुलगी निघाली हिंजवडीला." तुम्ही पेढा तोंडात टाकलात, सावकाश खाल्लात आणि म्हणालात, "म्हणून तर रोज संध्याकाळी परत येते."

पाटीमुळे व्हायचं ते झालं. आठवड्याला दोन-तीन सुतार आत यायचे. कुणाला चार इंची हव्या, कुणाला पितळी हव्या. दुसऱ्या कुठल्याही दुकानदाराने त्यांना तिरसट उत्तर देऊन वाटेला लावलं असतं. इथे मी आपल्या गावाबद्दल बोलते आहे, तेव्हा पुरावा मागू नका. तुम्ही पाटीखाली दुसरी पाटी लावलीत. 'दरवाजाच्या मिळणार नाहीत. तरीही आत या.'

त्या 'तरीही आत या'वरूनच दत्तोबा मिस्त्री आत आले. धायरीचे, तेव्हा मिशा काळ्या होत्या, कानावर पेन्सिल.

"भाई, चार इंची द्या की आठ नग."

तुम्ही पाकीट उघडून त्यांच्या तळहातावर एक तुकडा ठेवलात.

"ह्यो तर कागुद हाय! ह्येच्यावर दार लागतंय व्हय?"

"लागतं. उघडतंसुद्धा. बघा." तुम्ही अल्बममधलं एक तिकीट चिमट्याने वर उचललंत. ते उभं राहिलं आणि त्याची पाठ दिसली. "हे दार. ही चौकट. आणि ही आमची बिजागरी."

मिस्त्रींनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "आन् दार काढायचं म्हनलं तर?"

"बिजागरी सोडते."

"मंग बराबर हाय. काढताना बिजागरी आधी सुटली पायजे, फळी न्हाई फुटली पायजे."

तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "बघा बाई. मिस्त्रींना एका मिनिटात कळलं." त्या दिवसापासून मिस्त्री तिकिटं जमवू लागले. फक्त लाकडी वस्तूंची. होड्या, बैलगाड्या, झाडं, एकदा एक लाकडी पाय. आणि मी तुमची वैरीण झाले, म्हणजे दर शनिवारची.

कारण मला ते पटत नव्हतं. नवी बिजागरी सुटते हे मलाही दिसत होतं. पण डिंक जुना होतो, पिवळा पडतो, कडक होतो, कागदाला धरून बसतो. दोन वर्षांनी सुटेल, पाच वर्षांनी सुटेल, पुढे? तिकिटाची पाठ सोलून काढेल. मी हे तुम्हाला आकृती काढून समजावलं. तुम्ही म्हणायचात, "बाई, माझ्या डिंकाला तुमचं पुस्तक वाचता येत नाही." मी म्हणायची, "पंचवीस वर्षांनी काढून दाखवा." असं मी बहुतेक शंभराव्यांदा म्हटलं, तेव्हा तुम्हाला राग आला. तुम्हाला राग आला की हिंदी यायची. "तो हो जाए!" म्हणालात.

पैज तिथेच लागली. एक जाड पांढरं पान, त्यावर बारा तिकिटं, तुमच्या बिजागऱ्यांनी लावलेली. पानाच्या कडेला पेन्सिलीने त्या दिवसाची तारीख. पान बरोबर पंचवीस वर्षांनी उघडायचं. बिजागऱ्या नीट निघाल्या नाहीत तर तुम्ही पाटी उतरवून दुकानात प्लास्टिकचे कप्पे ठेवायचे. निघाल्या तर मी ते दोन शब्द म्हणायचे, एकदाच, पण मोठ्याने. आपण दोघांनीही एकमेकांवर भरवसा नाही म्हणून सांगितलं, तेव्हा पान मिस्त्रींकडे गेलं. त्यांनी त्याच्यासाठी सागवानी पेटी केली. पेटीला पितळी बिजागऱ्या लावल्या आणि म्हणाले, "ह्या माझ्या. आत तुमच्या."

मग पंचवीस वर्षं आपण दर शनिवारी भांडलो. या भांडणाने मला काय दिलं ते तुम्ही असताना सांगणं शक्यच नव्हतं. शाळेत माझं ऐकून घेणारे पुष्कळ होते, घरी सांभाळून घेणारे होते. उलट उत्तर देणारे फक्त तुम्ही होतात. पत्रं यायची बंद झाली, पाकिटांवर तिकिटांऐवजी छापील पट्ट्या आल्या, तुमच्या कपाटातले चिमटे कुणी घेईना, दाते मोजायच्या पट्टीला लोक फूटपट्टी समजू लागले. तुम्ही तरी कपाटाची काच दर शनिवारी पुसत होतात. मी प्रत्येक शनिवारी धायरीहून बस धरून येत होते. लोकांना वाटे, म्हातारीला तिकिटांचा नाद आहे. नाद तर होताच.

आणखी एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. माझ्या प्लास्टिकच्या कप्प्यांना घाम फुटला होता. फार पूर्वीच. एकदा पावसाळा संपल्यावर अल्बम उघडला तर माझा सगळ्यात आवडता संच, पक्ष्यांचा, कप्प्यांना आतून चिकटून बसला होता. काढताना रंग प्लास्टिकवर राहिला आणि पक्षी पांढरे झाले. मी एकटी बसून रडले. पुढच्या शनिवारी दुकानात येऊन प्लास्टिकवर तुम्हाला पाऊण तास व्याख्यान दिलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि निघताना बटर पेपरची पाकिटं हातात ठेवलीत. "असू द्यात, बाई. लागतात." तुम्हाला कळलं होतं का हो? मला वाटतं, कळलं होतं.

हॉस्पिटलमधल्या त्या दुपारीबद्दल लिहायचं टाळत होते, पण आता ते आलंच.

तुमच्या नाकात नळी होती आणि तुम्ही तिच्याबद्दलही तक्रार करत होतात, की बांधणी कच्ची आहे. शबाना औषधं आणायला खाली गेली. तेव्हा तुम्ही हात जरासा वर केलात आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणालात, "बाई, निघतील ना?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"किती घरांत माझ्या बिजागऱ्या आहेत ठाऊक आहे? सगळ्यांना सांगितलं, तिकिटाला काही होणार नाही. लोकांनी विश्वास ठेवला. वडिलांची तिकिटं लावली, आजोबांची लावली. तुमचं खरं निघालं तर... मी त्यांच्या घरात बसून त्यांचंच नुकसान केलं, असं होईल."

पंचवीस वर्षं छाती काढून माझ्याशी वाद घालणाऱ्या माणसाच्या मनात ही भीती होती. आणि मी काय म्हटलं? 'निघतील हो, सलीमभाई, नक्की निघतील' एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. मी म्हटलं, "बघू. अजून दीड महिना आहे."

तुम्ही थोडंसं हसलात आणि डोळे मिटलेत.

मी असं का म्हटलं, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटलं होतं, भांडण शिल्लक ठेवलं की माणूस जात नाही. तुम्हाला निकाल बघायची इतकी हौस, की त्यासाठी तरी तुम्ही राहाल. माझं गणित तेवढंच होतं. चार दिवसांनी शबानाचा फोन आला.

तर तो दिवस. तुम्ही गेल्यापासून दुकानाचं शटर बंदच होतं. शबानाने रजा टाकली आणि ते वर केलं. तुमचं स्टूल तिने पुसलं, कुणी त्यावर बसलं नाही. मिस्त्री पेटी घेऊन आले. मिशा आता पांढऱ्या झाल्या आहेत आणि पेन्सिल मात्र तीच असावी. शेजारचे कुलूपवालेही येऊन दारात उभे राहिले. शबाना म्हणाली, "बाई, मला फार टेन्शन आलंय. अब्बा शेवटच्या रात्रीपर्यंत हेच विचारत होते. नाही निघाल्या तर मी ही पाटी काढून टाकणार. दुकान देऊन टाकणार. मला नाही जमणार ती रोज बघायला."

म्हणजे आता ते नुसतं माझ्या-तुमच्या वादाचं राहिलं नव्हतं.

मी चिमटा उचलला आणि घाईने पान पुढे ओढलं. मिस्त्री म्हणाले, "बाई, दमानं. दार हाय, पळून न्हाई जात."

पहिलं तिकीट उचललं. उभं राहिलं, जसं तुम्ही दाखवायचात. बिजागरीची कड चिमट्यात धरली आणि हळूच ओढली. एवढासा आवाज झाला, टिक, आणि ती सुटली. तिकिटाची पाठ स्वच्छ. भिंगाखाली बघितली. स्वच्छ. दुसरी सुटली. तिसरी. चौथ्याला शबानाने माझा खांदा इतका घट्ट धरला, की मला चिमटा खाली ठेवावा लागला. सहावी, सातवी. मिस्त्री मोठ्याने मोजू लागले. आठ! नऊ! कुलूपवाले आत आले. दहा! अकरा! अकराव्याला मिस्त्रींनी पेटीवर अशी थाप मारली, की कपाटाची काच हलली.

बारावं तिकीट उचललं. कड धरली. ओढली. येईना. जरा जोर लावला. आली, पण तिकिटाच्या पाठीचा पापुद्रा घेऊन आली. मधोमध एक पातळ, फाटका डाग.

शबानाचा चेहरा मला बघवेना. "बारापैकी एक," ती म्हणाली, "म्हणजे... ओके आहे ना, बाई? म्हणजे स्टॅटिस्टिकली..."

आणि सलीमभाई, खरं सांगते, कारण आता खोटं कुणाशी बोलायचं. त्या क्षणी मला अर्धा सेकंद आनंद झाला. बघा, मी म्हणत होते ना! पंचवीस वर्षांची सवय जाते कुठे? पुढच्या अर्ध्या सेकंदात मला स्वतःची अशी लाज वाटली, की भिंग हातातून पडलं.

ते उचलायला मिस्त्री वाकले आणि वाकलेलेच राहिले. "बाई, हितं कायतरी लिव्हलंय."

बाराव्या तिकिटाखाली, पानावर, तुमच्या बारीक अक्षरात, पेन्सिलीने. चष्मा वर करून मी ते मोठ्याने वाचलं.

'ही बाईंनी लावली आहे. स्पंजाने. दुकान जबाबदार नाही.'

मग मला सगळं आठवलं. पैजेच्या दिवशी अकरा तुम्ही लावल्यात आणि म्हणालात, बारावी तुम्ही लावा, तुमचाही हात लागू द्या. मी पिशवीतून डबी काढली, बिजागरी त्या स्पंजावर चिंब ओली केली आणि अंगठ्याने दाबून, घट्ट, शास्त्रीय पद्धतीने बसवली. मग मी हात धुवायला नळाशी गेले. तेवढ्यात तुम्ही ते तिकीट दारासारखं उचलून खाली लिहिलंत आणि परत मिटवलंत. पुढे पंचवीस वर्षं, दर शनिवारी, माझ्यासमोर बसून एक शब्द बोलला नाहीत!

मिस्त्री हसायला लागले. ते इतके हसले, की त्यांना तुमच्या स्टुलावर बसवावं लागलं. शबाना रडत होती आणि हसत होती. कुलूपवाल्यांना काही कळलं नव्हतं, पण तेही हसत होते. गेलेल्या माणसाने स्वतःच्याच दुकानात शेवटचा शब्द राखून ठेवावा आणि तोही असा! अख्ख्या पुण्यात असा खवचट माणूस दुसरा झाला नाही, आणि हे पुण्याबद्दल बोलते आहे मी.

तुमच्या अकराच्या अकरा, सलीमभाई. अकराच्या अकरा! संध्याकाळपर्यंत शबानाने तुमच्या वहीतल्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. दुसऱ्या दिवसापासून उलटे फोन येतायत. कोथरूडहून, खडकवासल्याहून, एक तर पार अमेरिकेत मुलाकडे गेलेले आजोबा. सगळे आपापले अल्बम उघडून बसलेत. 'आमच्याही निघाल्या.' 'वडिलांची तिकिटं जशीच्या तशी.' कुणाच्या घरात तुम्ही नुकसान केलेलं नाही. एकाच्याही नाही. पाटी जागच्या जागी आहे. काल गेले तर दुकानात दोरीवर कागद वाळत होते आणि शबानाच्या नखांत डिंक होता. तिला कृती येते, हेही तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. म्हणाली, "अब्बांनी रविवारी रविवारी शिकवली, बाई. तुम्हाला सांगायचं नाही या अटीवर." मी तिथे उभी असतानाच एक सुतार आत डोकावला आणि त्याने पितळी तीन इंची मागितल्या. शबाना म्हणाली, "नाहीयेत. पण आत या ना."

तो फाटका डाग असलेलं बारावं तिकीट मी मागून घेतलं. घरी आणून माझ्या अल्बममध्ये लावलं, तुमच्या बिजागरीने. जिभेचं टोक लावलं. तुरट आहे हो तुमचा डिंक.

हां, ते वाक्य. त्या दिवशी दुकानात, सगळ्यांचं हसून झाल्यावर, मी उठून उभी राहिले. पदर सारखा केला आणि रस्त्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हटलं, "सलीमभाई, माझं चुकलं."

मिस्त्रींनी टाळ्या वाजवल्या. पैज तिथे फिटली.

मग मी ते पुन्हा म्हटलं, हळू. शबानाला वाटलं, म्हातारीची जीभ अडखळली. मिस्त्री म्हणाले, "बाई, येकदाच ठरलं हुतं."

एकदाच ठरलं होतं. दुसरं हॉस्पिटलमधल्या त्या 'बघू'चं होतं.